आवाज, श्वास आणि मानेतली गाठ

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा आग्रह होता की मी कॉम्प्युटरवर बोलावं. 'तू सॉफ्टवेअरवाली, एआय आल्यावर आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहणार का ते सांग.' मी म्हटलं, त्यावर बोलणारे सध्या गल्लोगल्ली आहेत. मला वीस मिनिटं देणार असाल तर मी मानेतल्या गाठीवर बोलते. संयोजक क्षणभर गप्प झाले, पण वेळ दिला, त्याबद्दल त्यांचे आभार.

माईक मी तोंडाच्या इतका जवळ धरलाय, त्याचं कारण आधीच सांगते. २०२१ साली पुण्यात माझं मानेचं ऑपरेशन झालं. थायरॉइडचा कॅन्सर होता, तो मानेतल्या ग्रंथींत उतरला होता. कॅन्सर निघाला, मी ठणठणीत आहे. पण डाव्या बाजूचा स्वरतंतू हलायचा थांबला. शाळेत प्रतिज्ञा सांगायला मला उभं करायचे, तेव्हा मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्यांनाही ऐकू जायचं. आता तसा आवाज माझ्याकडे नाही. वीस मिनिटांनी तो दमतो, म्हणून वेळही तेवढाच मागितला.

आता हा विषय आजच का? गेल्या वर्षी आपल्याच बॅचमधल्या एकाचा फोन आला. त्याने ही गोष्ट सांगायला परवानगी दिली आहे, नाव सोडून. जिभेच्या कडेला दोन महिने न भरणारी जखम, आणि वीस वर्षांची तंबाखू. तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला, पण लवकरच्या पायरीवरचा. डॉक्टर म्हणाले, जिभेचा तेवढा भाग काढू आणि त्याच वेळी मानेतल्या ग्रंथीही काढू. हा म्हणाला, जिभेचं करा, मानेचं नको. मानेत तर गाठ लागतही नाहीये. घरच्यांनी विचारलं, का नको? तर कोणीतरी त्याला सांगितलं होतं, 'मानेला सुरी लावलीस की आवाज जातो. आपल्या वर्गातल्या तिचं बघ की काय झालंय.'

ती म्हणजे मी.

मित्रहो, मला त्या दिवशी झोप लागली नाही. माझा बसलेला आवाज हे कुणाच्या तरी ऑपरेशन न करण्याचं कारण झालं होतं. म्हणून ठरवलं की ज्या लोकांनी माझा जुना आवाज ऐकलाय, त्यांच्यासमोरच एकदा नीट सांगायचं. नेमकं काय होतं, कशामुळे होतं, कुणाला होण्याची शक्यता जास्त, आणि झालं तर काय करायचं. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण आम्हा इंजिनिअर लोकांना एक खोड असते. एखादी गोष्ट बंद पडली की तिची वायरिंग बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपल्याकडे 'शीर' आणि 'नस' हे दोन शब्द कशालाही वापरतात. रक्ताची नळीही शीर आणि मेंदूकडून निरोप नेणारी तारही शीर. मी आज बोलतेय ते या तारेबद्दल, म्हणजे मज्जातंतूबद्दल. आणि गाठ म्हणजे काय? पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. शरीरभर अशा शेकडो ग्रंथी आहेत आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या मानेत असतो. त्या शरीराच्या चेकपोस्ट आहेत. तोंड, घसा, थायरॉइड इथून येणारा जंतू किंवा कॅन्सरची पेशी आधी तिथे अडते. म्हणून कॅन्सरचा डॉक्टर मानेला हात लावून बघतो.

अडचण अशी की ज्या वाटेने या ग्रंथींची माळ जाते, त्याच वाटेने आवाजाच्या, श्वासाच्या, खांद्याच्या आणि जिभेच्या तारा जातात. जागा वीतभर, आणि त्यात सगळा बाजार भरलेला.

त्यांतली आवाजाची तार सगळ्यांत विचित्र आहे. स्वरयंत्र इथे, गळ्याच्या घाटीजवळ. मेंदू वर. सरळ वरून तार खाली आणली असती तर काम झालं असतं. पण ती तशी येत नाही. व्हेगस नावाच्या मोठ्या मज्जातंतूतून ती स्वरयंत्राच्या शेजारून खाली निघून जाते. डाव्या बाजूची थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरते. उजव्या बाजूची जरा वरच, गळ्याखालच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परतते. तिचं इंग्रजी नाव रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. रिकरंट म्हणजे मागे फिरणारी. आपण नातेपुत्याची माणसं, आपल्याला हे समजायला सोपं आहे. पुण्याहून निघालेल्या माणसाला नातेपुत्यातच उतरायचंय, पण तो गावावरून पुढे पंढरपूरला जातो, देवळाला वळसा घालतो आणि परतीच्या वाटेने गावात येतो. मी तिला 'परतीची नस'च म्हणते.

हे असं का? माशांमध्ये ही तार सरळच आहे. त्यांना मान नाही, हृदय कल्ल्यांच्या जवळ. पुढे लाखो पिढ्यांत मान लांबली, हृदय खाली छातीत गेलं आणि रक्तवाहिनीच्या मागे अडकलेली ही तार तिच्याबरोबर खाली ओढली गेली. जिराफात हीच तार काही मीटर लांब असते. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असा कोड नेहमी सापडतो. कुणी मुद्दाम तसा लिहिलेला नसतो. प्रत्येक वेळी चालू गोष्टीला थोडं जोडत गेल्याने तो तसा झालेला असतो, आणि चालतोय म्हणून कुणी हात लावत नाही.

ही तार आवाजाची आहे हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाच्या वैद्याने लोकांसमोर ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतल्या या नसा कापून दाखवल्या. डुक्कर जिवंत होतं, धडपडत होतं, पण ओरडणं बंद झालं होतं.

आता ती बिघडली तर काय होतं ते बघू. स्वरयंत्राला दोन फळ्यांचं दार समजा. त्या फळ्या म्हणजे दोन स्वरतंतू. श्वास घेताना दार उघडतं. बोलताना दोन्ही फळ्या जवळ येऊन थरथरतात, त्यातून आवाज निघतो. गिळताना दार घट्ट मिटतं, म्हणून पाणी श्वासनलिकेत जात नाही. उघडणं आणि मिटणं, दोन्ही कामं जवळजवळ पूर्णपणे या परतीच्या नसेवर चालतात. एक स्नायू तेवढा वेगळ्या तारेवर आहे. तो तंतू ताणून आवाज उंच नेतो. ती तार थायरॉइडच्या वरच्या टोकाजवळून जाते. तिला धक्का लागला तर साधं बोलणं बरं राहतं, पण वरची पट्टी जाते. आरती म्हणताना किंवा लांबच्याला हाक मारताना ते कळतं.

एका बाजूची परतीची नस बंद पडली की एक फळी अर्धवट उघडी अडकते. माझं हेच झालं. दुसरी फळी येते, पण मध्ये फट राहते. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज. ऑफिसच्या कॉलवर लोक म्हणायचे, तुमची लाइन खराब आहे. आई फोनवर विचारायची, 'रेंज नाही का गं तिथं?' पण आवाज हा त्यातला फक्त लोकांना कळणारा भाग. दार नीट मिटत नाही म्हणून साध्या पाण्याने ठसका लागायचा, चहापेक्षा भाताची पेज बरी वाटायची. एक वाक्य बोलायला दोन श्वास लागायचे, म्हणून बोलून बोलून धाप लागायची. नीट खोकता यायचं नाही. जड बादली उचलता यायची नाही, कारण जोर लावताना आपण नकळत हे दार मिटून श्वास कोंडतो. हे मला आधी कधी कळलंच नव्हतं.

मात्र शांत बसल्यावर माझा श्वास ठीक होता. एका बाजूचं नुकसान असेल तर बहुतेकांचा असतो.

दोन्ही बाजूंच्या नसा बंद पडल्या तर चित्र उलटं होतं. दोन्ही फळ्या मधोमध, एकमेकींजवळ अडकतात. फट राहत नाही, त्यामुळे आवाज जवळजवळ चांगला असू शकतो. पण दार उघडत नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा, घरघरता आवाज येतो, जिना चढला की जीव कासावीस होतो, आणि कधी कधी गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागते. हे क्वचित होतं. पण 'आवाज तर छान येतोय, मग काय काळजी' असं म्हणून घरघरीकडे दुर्लक्ष करायचं नाही, यासाठी मी हे सांगतेय. आवाज आणि श्वास एकाच दारावर चालतात, पण एकाची तक्रार नाही म्हणून दुसरं ठीक आहे असं होत नाही.

मग सर्जन नस कापतात का? बहुतेक वेळा नाही. नस ताणली जाते, रक्त थांबवणाऱ्या यंत्राची उष्णता लागते, सूज येते. अशी दुखावलेली नस काही आठवड्यांत, काही महिन्यांत, कधी वर्षभराने परत येते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये अनुभवी हातांत कायमची इजा साधारण शंभरात एक-दोघांना होते, तात्पुरती त्याहून जास्त जणांना. कॅन्सर ग्रंथींत पसरला असेल किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर धोका वाढतो. आणि काही वेळा गाठच नसेला चिकटलेली असते. माझी तशी होती. सर्जननी ती सोलून काढली, नस तोडली नाही, पण तिला त्याचा धक्का बसायचा तो बसलाच.

आता माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे येते. त्याचं आणि माझं ऑपरेशन, दोन्ही 'मानेच्या ग्रंथींचं', पण मानेचे मजले वेगळे. डॉक्टर मानेचे भाग आकड्यांनी ओळखतात. जबड्याखालचा पहिला, मग मोठ्या शिरेच्या कडेने वरून खाली दुसरा, तिसरा, चौथा, मागच्या बाजूला पाचवा आणि मधोमध श्वासनलिकेलगत सहावा. परतीची नस सहाव्यातून जाते. माझ्या ग्रंथी तिथल्या होत्या. जिभेच्या कॅन्सरसाठी सहसा वरचे तीन-चार मजले साफ करतात. तिथे परतीची नस नसतेच. तिथे जपायचं ते खालच्या ओठाच्या नसेला, जिभेच्या नसेला आणि खांद्याच्या नसेला. व्हेगसही मोठ्या शिरेजवळून जाते, पण तिला इजा होणं क्वचितच. म्हणजे माझा आवाज बघून त्याने घाबरायचं काही कारणच नव्हतं. त्याने विचारायला हवं होतं ते खांद्याबद्दल.

आणि 'गाठ लागत नाही तर मान कशाला' हा त्याचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. तो जगभरच्या डॉक्टरांना कित्येक वर्षं पडलेला होता. आधी फक्त तोंडाचं करावं आणि मानेत गाठ आली तर मग मानेचं करावं, की दोन्ही एकदमच? याचं उत्तर मुंबईत, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये मिळालं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या दहा वर्षांत तोंडाचा लवकरच्या पायरीवरचा कॅन्सर असलेल्या, मानेत गाठ न लागणाऱ्या ५९६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाची मान त्याच वेळी साफ केली, दुसऱ्या गटावर लक्ष ठेवलं आणि गाठ आली तर ऑपरेशन केलं. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ माणसांमागे एक जीव. जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली, आणि त्यातले रुग्ण आपल्यासारखेच होते. तंबाखू, सुपारी, मिश्री यांचा देश आपला.

मी हे आकडे मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवले. तो म्हणाला, 'आठात एक म्हणजे आपल्या बेंचच्या दोन रांगांत एक.' बाकी समजावण्याची गरज पडली नाही. त्याचं दोन्ही ऑपरेशन झालं. खांदा दोन महिने जड होता, दोरीला धरून हात वर नेण्याचे व्यायाम त्याने इमानदारीने केले. जीभ जराशी जड वाटते. आवाज आहे तसाच आहे. तो आज इथे आहे आणि सकाळपासून सगळ्यांत मोठ्याने हसतोय. ओळखायचा प्रयत्न करू नका.

खांद्याबद्दल आणखी थोडं. १९०६ साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी मानेच्या ग्रंथी काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याची नसही काढायचे. माणूस वाचायचा, पण हात खांद्याच्या वर जायचा नाही. पुढे अर्जेंटिनाचे सुआरेझ आणि इटलीचे बोका यांनी दाखवलं की नस आणि स्नायू राखूनही ग्रंथी काढता येतात. आज शक्य तिथे तसंच करतात. पण एक लक्षात ठेवा. मानेच्या मागच्या बाजूला, पाचव्या मजल्यावर ही नस अगदी कातडीखाली असते. तिथली छोटीशी गाठ 'पाच मिनिटांचं काम' म्हणून कुठेही काढून घेऊ नका. नंतर वेणी घालायला हात वर जात नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे मानेतल्या गाठींचं आणखी एक मोठं कारण आहे, ते म्हणजे टीबी. जुनी माणसं गंडमाळ म्हणायची ती बहुतेक वेळा हीच. तिला सहसा मोठं ऑपरेशन लागतच नाही. बारीक सुईने पाणी काढून किंवा एक ग्रंथी तपासून निदान होतं आणि साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध चालू असताना गाठ मध्येच थोडी वाढू शकते. घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं.

'गाठीला सुई टोचली की ती पसरते' ही समजूत अजून घरोघर आहे. मानेच्या गाठीची बारीक सुईची तपासणी जगभर रोज होते आणि तिच्याशिवाय बरेचदा योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. तपासणी टाळत महिने काढले तर मात्र कॅन्सर नक्की पसरतो, आणि त्याला सुईची गरज लागत नाही.

आता कामाच्या गोष्टी. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मानेचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनना हे प्रश्न विचारा. आदराने विचारा, पण विचारा.

एक, मानेचा कोणता भाग उघडणार आणि तिथे कोणकोणत्या नसा आहेत?

दोन, ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीने स्वरतंतू बघणार का? हे फार महत्त्वाचं. कधी कधी एक तंतू आधीच बंद असतो आणि दुसऱ्याने निभावून नेलेलं असतं. ते माहीत नसताना चांगल्या बाजूची नस दुखावली तर श्वासाचा प्रश्न उभा राहतो.

तीन, नस तपासण्याचं यंत्र वापरणार का? श्वासाच्या नळीला बसवलेले सेन्सर नस जागी आहे की नाही ते ऑपरेशन चालू असतानाच सांगतात. एका बाजूचा सिग्नल गेला तर दुसरी बाजू काही काळाने करण्याचा निर्णय सर्जन घेऊ शकतात. आमच्या भाषेत हे लाइव्ह मॉनिटरिंग. यंत्र असलं म्हणजे इजा होणारच नाही असं नाही, अनुभवी हात आधी हवा.

चार, तुम्ही अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

पाच, आवाज बदलला तर पुढे कुणाकडे पाठवणार?

हा पाचवा प्रश्न मी मुद्दाम सांगतेय. मला घरी सोडताना कागदावर 'आवाज घोगरा' एवढंच लिहिलं होतं. मी तीन आठवडे वाट बघत बसले, पाणी पिताना ठसकत राहिले. मग एका ओळखीच्या बाईंनी वाचा-उपचार तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं की हनुवटी छातीकडे झुकवायची, मान कमजोर बाजूला वळवायची आणि छोटा घोट घ्यायचा. ठसका त्याच दिवशी कमी झाला. तुम्ही हे माझं ऐकून करू नका, तुमच्या तज्ज्ञांना विचारून करा, कारण प्रत्येकाची बाजू वेगळी. पण विचारा लवकर.

उपाय पुष्कळ आहेत. आवाजाचे व्यायाम आहेत. अडकलेल्या फळीत जेलसारखं औषध टोचून ती मध्ये आणता येते. काही महिन्यांनी ते विरतं, तोवर नस परत येते किंवा दुसरी फळी जास्त सरकायला शिकते. मला सातव्या आठवड्यात ते टोचलं आणि त्याच संध्याकाळी आईने रेंजबद्दल विचारलं नाही. कायमचं नुकसान असेल तर गळ्याच्या कुर्चेला छोटी खिडकी पाडून आतून आधार देणारं ऑपरेशन आहे. जपानच्या इश्शिकी यांनी १९७४ साली त्याचे प्रकार मांडले. हे बहुधा रुग्णाला जागं ठेवून करतात. रुग्ण बोलत असतो आणि सर्जन तंबोरा लावावा तसा आवाज जुळवत असतो. माझ्यावर ती वेळ आली नाही. अकरा महिन्यांनी दुर्बिणीतून बघितलं तर डावी फळी अजून जवळजवळ जागच्या जागी होती, पण उजवी मध्यरेषा ओलांडून तिच्यापर्यंत येत होती. आज तुम्ही ऐकताय तो आवाज तिच्या जोरावर आहे.

ऑपरेशननंतरच्या दोन गोष्टी मात्र थांबायच्या नाहीत. मान झपाट्याने सुजली, ताण जाणवला, श्वासाला आवाज यायला लागला किंवा जीव घाबरा झाला, तर आत रक्त साठत असू शकतं. हॉस्पिटलमध्ये असाल तर त्याच मिनिटाला नर्सना बोलवा, घरी असाल तर फोनवर सल्ला घेत बसू नका, गाडी काढा. दुसरं, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण असतं. तेही त्याच दिवशी सांगायचं.

सर आणि बाईंना एक विनंती. तुम्ही तीस-तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात घसा ताणून शिकवलंत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आवाज बसलेला असेल आणि तो बहुधा त्या कष्टांचा असेल. पण बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर एकदा दुर्बिणीने बघून घ्या. परतीची नस छातीत जाऊन येते, म्हणून कधी कधी छातीतल्या आजाराचा पहिला निरोप आवाजातून येतो. विशेषतः ज्यांनी वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढली त्यांनी हे टाळू नये.

आपल्या सगळ्यांसाठी हिशेब सोपा आहे. तोंडातली जखम, पांढरा-लाल चट्टा, बसलेला आवाज किंवा मानेतली न दुखणारी, टणक गाठ, यांतलं काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून बरं, असं नाही. लांब जायची भीती वाटत असेल तर हेही सांगते की देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली, आणि तिथे कॅन्सरचं हॉस्पिटलही आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. रेशन कार्ड घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

माझं एवढंच मागणं आहे. इथून पुढे कुणी म्हणालं की 'मानेचं ऑपरेशन नको, तिचा आवाज गेला,' तर त्याला सांगा की तिचा आवाज थोडा गेला, तिची गाठ पूर्ण गेली, आणि तिने नातेपुत्यात येऊन वीस मिनिटं भाषण केलं. वर हेही सांगा की तुझा मजला वेगळा असेल, आधी डॉक्टरांना विचार.

आता चहा आहे. ज्यांच्या खिशात पुडी आहे ते मला माहीत आहेत, शाळेतही माहीत होते. त्यांनी चहाआधी माझ्याकडे यायचं आहे. बाकीच्यांनी मला बोलायला लावू नका, तुमचं सांगा, मी ऐकते.